पडल्याचा आवाज

डब्लिनच्या सँट्री भागात आमच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक खोटं स्वयंपाकघर होतं. खोटं म्हणजे नळाला पाणी नव्हतं आणि शेगडी पेटत नसे. बाकी ओटा, कपाटं, फ्रिज, फरशी सगळं खरं. त्या खोलीत दिवसभर वस्तू पाडायच्या, हे माझं काम होतं.

कंपनी छोटी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात भिंतीवर लावायचं एक यंत्र आम्ही बनवत होतो. घरात माणूस पडलं की नुसत्या आवाजावरून यंत्राने ते ओळखायचं आणि मुलाला नाहीतर मुलीला फोन लावायचा. कॅमेरा लावून हे काम सोपं झालं असतं, पण स्वतःच्या घरात कॅमेरा कुणालाच नको असतो. यंत्राला शिकवायचं तर आधी आवाज गोळा करायला हवेत आणि प्रत्येक आवाजाला नाव द्यायला हवं. म्हणून मी बटाट्याचं पोतं पाडायचे, पातेली, डबे, जाडजूड पुस्तकं, ओले टॉवेल पाडायचे. शिवाय माणसाच्या वजनाचा एक बाहुला होता. तो पाडायला सोपा, पण परत उभा करायला दोघं लागायचे.

अडचण नावांची होती. आमचा प्रमुख दक्षिण आयर्लंडमधल्या कॉर्ककडचा, स्वभावाने गरीब माणूस. त्याने इंग्रजीतली तीन नावं ठरवून टाकली होती. जड आणि मऊ काही पडलं की थड, कडक पडलं की बँग, फुटलं की क्रॅश. कशाचंही ठीक चाललं आहे हे सांगायला इथे 'ग्रँड' म्हणतात, तसं तो म्हणायचा, तीन पुरेत, ग्रँड. परिणाम असा झाला की यंत्राच्या लेखी बटाट्याचं पोतं आणि एखादी आजीबाई यांत काहीच फरक राहिला नाही. दोन्ही थड.

अशात आमच्याकडे एक जपानी बाई कामाला आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. आयरिश माणसाशी लग्न करून बरीच वर्षं इथेच राहिलेली, आधी रेडिओवरच्या नाटकांसाठी आवाज तयार करायची. बोलायची कमी. पहिल्याच आठवड्यात मी ओट्यावरून पातेलं ढकललं, तेव्हा ती हेडफोन कानावर ठेवूनच, स्वतःशी बोलल्यासारखं 'गोतोन' म्हणाली. नंतर मी काडेपेटीएवढा लाकडी ठोकळा टाकला. ती म्हणाली, 'कोतोन'.

मी विचारलं, हे काय? ती जरा लाजली. म्हणाली, आमच्याकडे प्रत्येक पडण्याला शब्द असतो, तोंडातून आपोआप जातो. कोतोन म्हणजे लहान, कडक वस्तू. तीच मोठी आणि जड असली की क चा ग होतो, गोतोन. तांदळाचे दाणे सांडले तर पारापारा, गारा पडल्या तर बाराबारा. नाणं चारिन. काचेची वस्तू गाचान. झाडावरून अख्खं फूल देठापासून सुटून पडतं त्याला पोतोरी.

हे ऐकताना मला इतकं ओळखीचं वाटत होतं की मी काही न ठरवता उत्तरं देत गेले. चिंच टपकन पडते, नारळ धपकन. नाणं टण्णकन. बांगडी खळ्ळकन फुटते. चिखलात पाय पचकन जातो. एकदाच झालं तर टपकन, होत राहिलं तर टपटप. तिने हेडफोन काढले आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. टपकन आणि धपकन हे तिने चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. म्हणाली, तुमच्याकडेही ट हलका आणि ध जड आहे तर. मी याचा कधी विचार केला नव्हता. मराठी बोलताना असा विचार कोण करतं?

त्या दिवसापासून आमची कामाची पद्धत बदलली. एकीने पाडायचं, दोघींनी आपापल्या भाषेत नाव द्यायचं. जिथे आधीच्या पडण्याहून दोघींचेही शब्द बदलत, तिथे आवाज खरोखरच वेगळा आहे असं धरायचं. जड पोतं एकदम येऊन पडलं की तिचा शब्द होता 'दोसा', शेवटी श्वास तोडल्यासारखा. पहिल्यांदा मला हसू आवरेना. मी तिला डोसा म्हणजे काय ते सांगितलं, तर तिला ते ठाऊक होतं. सँट्रीतल्या एका हॉटेलात तिने खाल्ला होता, आणि शब्द ऐकून तिलाही तेव्हा असंच हसू आलं होतं. सपाट वस्तू आडवी झाली की बातान, माझ्याकडे धाडकन. जड अंग बसल्यासारखं आदळलं की दोशिन. तिथे मी अडले. दणकन म्हणावं तर ते फार कडक, धपकन म्हणावं तर फार हलकं. तेवढी एक जागा मी रिकामी सोडली.

प्रमुखाने आधी डोकं खाजवलं, मग म्हणाला, करून बघा. थड नावाच्या एका ढिगाचे आम्ही सात-आठ लहान ढीग केले. यंत्र पोतं आणि बाहुला यांत फरक करायला लागलं. नेहमी नाही, पण लागलं.

त्या उन्हाळ्यात आई अमरावतीहून आमच्याकडे, डब्लिनच्या ओंगार उपनगरात, आली. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गात पुस्तकातली मराठी आणि घरी वऱ्हाडी, असे तिचे दोन आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. निवृत्त झाल्यावर पहिला आवाज तिने जवळजवळ बंदच केला. इथे आल्यावर तिला फारसा त्रास झाला नाही. थंडी सोडली तर. जूनमध्येही ती लोकरीचे मोजे घालून घरात फिरायची. शेजारीण एकदा तिला म्हणाली की चहाचे कप प्रेसमध्ये आहेत, तेव्हा आई इस्त्री शोधत राहिली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मी सांगायची राहिले होते.

एका शनिवारी मी जपानी मैत्रिणीला जेवायला बोलावलं. नवरा तासाभरावरच्या डंडॉक गावी कामाला होता, त्या शनिवारीही त्याला जावं लागलं, म्हणून आम्ही तिघीच होतो. आईला इंग्रजी कळायचं, पण बोलायचा कंटाळा. जेवताना मी सांगितलं की आम्ही दोघी ऑफिसात वस्तू पाडतो आणि त्यांच्या आवाजांना नावं देतो. आईला आधी पटेना की याचा पगार मिळतो. मग तिने ताटातलं लिंबू उचललं आणि जमिनीवर टाकून मैत्रिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, 'पोतोन'. आई म्हणाली, 'टपकन'. पुढे कांदा झाला, लाटणं झालं, ओलं फडकं झालं. फडक्याला मैत्रीण 'बेतान' म्हणाली आणि आई 'फतकन' म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

मग आईने मला विचारायला सांगितलं, हिला या कामाची आवड कशी लागली? मी विचारलं. मैत्रीण शांतपणे सांगू लागली; मी वाक्यावाक्याला मराठी करत होते.

तिची आई जपानच्या उत्तरेकडे एका गावात एकटी राहायची. दर रविवारी ही डब्लिनहून तिला फोन करायची. असंच एकदा बोलता बोलता पलीकडे कोतोन असा आवाज आला, म्हणजे रिसीव्हर जमिनीवर पडला. त्यामागून दोसा. पुढे काहीच नाही. तिने हाका मारल्या. मग तो फोन तसाच चालू ठेवून नवऱ्याच्या फोनवरून आईच्या शेजाऱ्याला फोन लावला. शेजाऱ्याने विचारलं, घर मोठं आहे, कुठल्या खोलीत पाहू? चटईच्या खोलीत रिसीव्हर पडला असता तर कोतोन झालं नसतं, म्हणून ती म्हणाली, लाकडी जमीन आहे तिथे, ओसरीत पाहा. आई तिथेच सापडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचली, पुढे चार वर्षं जगली, पण बोलणं परत आलं नाही.

माझं भाषांतर संपल्यावर आई म्हणाली, "तिले सांग, आवाज ऐकायले कोणी होतं, हे लई झालं."

मी तसं सांगितलं. मैत्रिणीने मान हलवली. आईने तिच्या ताटात, न विचारता, अजून एक पुरणपोळी वाढली.

यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, मी घरून काम करत होते. वरच्या खोलीत दार उघडं ठेवून मीटिंगला बसले होते. कानावर ते मोठे हेडफोन, बाहेरचा आवाज येऊ न देणारे. मात्र आमच्या कामापायी माझ्या मायक्रोफोनमधली आजूबाजूचे आवाज गाळायची सोय मी कायम बंद ठेवायचे; तो घरातलं सगळं पलीकडे पोचवायचा. आमच्या मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्यांची सवय सगळ्यांना झाली होती.

प्रमुख काहीतरी सांगत होता. मध्येच थांबून तो म्हणाला, कुणाच्या तरी घरी सामान पडलं वाटतं. मला काही ऐकू आलेलं नव्हतं. बाकीचे हसले. मैत्रीण मात्र हसली नाही. तिने माझं नाव घेतलं आणि म्हणाली, "हे सामान नाही. दोशिन होतं. खाली जा."

मी हेडफोन काढले. खालून आवाज नव्हता. मी जिना उतरले.

आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाय पुढे पसरून, पाठ वॉशिंग मशीनला टेकलेली. शेजारी बादली आणि फडकं. मी मीटिंगला गेल्यावर तिने फरशी पुसायला काढली होती, आणि ओल्या फरशीवर मोज्यांचा पाय सटकला होता. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता आणि त्याचं मनगट जिथे वळायला नको तिथे वळलं होतं. चेहरा पांढराफटक.

"मले काई झालं नाई," ती म्हणाली. "फक्त हात गेला."

मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, थांब, आधी मले बसू दे. गाडी नवऱ्याकडे, डंडॉकला. टॅक्सी शोधत असतानाच मैत्रिणीचा फोन आला की मी निघाले आहे. सँट्रीहून ती आली तोवर मी आईचा हात एका दुपट्ट्यात बांधून गळ्यात अडकवला होता, आणि आईने डाव्या हाताने केस नीट करून घेतले होते. दवाखान्यात जायचं तर विस्कटलेलं जायचं नाही, असं तिचं म्हणणं.

सरकारी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात आम्ही सकाळी पोचलो आणि डॉक्टर भेटेपर्यंत दुपार होऊन गेली. नर्सने दुखण्यावर गोळी दिली होती. मैत्रीण आईच्या डाव्या बाजूला बसली होती. समोर एका मुलाच्या हातून चिल्लर पडली तेव्हा मैत्रीण हळूच 'चारिन' म्हणाली आणि आई त्या दुखण्यातही 'टण्णकन' म्हणाली.

डॉक्टर तरुण होता, आणि आईचं आडनाव वाचून मराठीतच बोलायला लागला. नागपूरला शिकलेला. पहिला प्रश्न त्याने हॉस्पिटलच्या मराठीत विचारला, "काकू, कशा पडलात?"

"भदकन पडली नं, बाप्पा," आई म्हणाली.

तो एकदम थांबला आणि हसला. मग त्याची भाषाही बदलली. "भदकन म्हणता, म्हणजे आधी बसल्या तुम्ही. हात मंग टेकला का अगोदर?"

आईने डोळे मिटून आठवलं. म्हणाली, पाय सर्रकन पुढे गेला, हात मागे टेकला, आणि लगेच भदकन. डॉक्टरने मला इंग्रजीत समजावलं की मनगट तर दिसतंच आहे, पण या वयात असं बसून आदळलं की खुब्याचा आणि कंबरेचा फोटोही काढायला हवा. बायका हातच दाखवतात आणि खुब्याचं सांगत नाहीत. फोटो काढले. खुबा ठीक होता, कंबर ठीक होती. मनगटापाशी हाताची दोन्ही हाडं मोडली होती. ती जागेवर बसवताना आईने मैत्रिणीचा हात इतका घट्ट धरला की नंतर तिच्या बोटांवर वळ उठले होते.

घरी परतताना गाडीत मी मैत्रिणीला म्हटलं, दोशिनला माझ्याकडे शब्द नव्हता ना, तो भदकन. तिने दोनदा म्हणून पाहिला. भ तिला जमत नव्हता.

आईचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. प्लास्टर सहा आठवडे राहणार होतं. मला सगळे दिवस घरी थांबता येईना, तेव्हा मैत्रीण आपला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येऊ लागली. मी ऑफिसातून परतले की दोघी ओट्याशी बसलेल्या दिसायच्या. आई डाव्या हाताने मटार सोलायची, अर्धे जमिनीवर जायचे, आणि मैत्रीण ते वेचायची. भाषेविना त्यांचं काय चालायचं कुणास ठाऊक, पण एके दिवशी मैत्रिणीने मला सांगितलं की तुझ्या आईला तिच्या बहिणीची काळजी वाटते आहे. ते खरं होतं आणि मला माहीत नव्हतं.

ऑफिसात मात्र एक प्रश्न उभा राहिला. आमच्या मीटिंगा नेहमी रेकॉर्ड होत, तशी त्या मंगळवारचीही झाली होती. आमच्याकडे हजारो पाडलेल्या वस्तू होत्या, बाहुल्याचं पडणं होतं, उशांवर पडणारे धडधाकट तरुण होते. खरंखुरं म्हातारं माणूस खऱ्या घरात पडल्याचा आवाज एकही नव्हता. आता एक होता. प्रमुख फार संकोचाने माझ्याकडे आला. म्हणाला, नाही म्हणालीस तर मी आत्ता तुझ्यासमोर पुसून टाकतो. मी तो भाग ऐकलाही नव्हता. धीरच झाला नव्हता. मैत्रिणीने ऐकला होता. ती त्याला म्हणाली, हे हिला विचारायचंच नाही. ज्यांचं पडणं आहे त्यांना विचारा.

शनिवारी मी आईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ऐकव मले."

मी तिच्या कानावर हेडफोन घातले आणि सुरू केलं. तिचा चेहरा पाहत राहिले. काही सेकंदांचाच तुकडा. तिने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढले आणि म्हणाली, "एवढाच आवाज? मले वाटलं घर पडलं."

मग मी पहिल्यांदा ऐकला. आधी काहीतरी घासल्यासारखं, मग एक छोटासा ठोका, त्यामागे तो जड आवाज, आणि नंतर, फार लांबून, बारीक, "माय वं." वरच्या खोलीत, त्या बंद कानांनी, मी तेव्हा मान डोलावत कुणाचं तरी बोलणं ऐकत होते. मला रडू आलं. आईने मला रडू दिलं, पण फार वेळ नाही.

"देऊन टाक त्यायले," ती म्हणाली. "कोणाच्या तरी मायले उपेगी पडन. पण ते 'माय वं' काढजो. ते मी माह्या मायले म्हणलं होतं. यंत्राले नाई."

सोमवारी मैत्रिणीने स्वतः बसून ते दोन शब्द कापले. आवाजाला नाव देताना तिने रोमन लिपीत आधी भदकन लिहिलं आणि त्याखाली दोशिन.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. आई म्हणाली, चालते. सप्टेंबरात ती परत गेली. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची की नाही यावरून आमचा वाद झाला आणि ती चालतच आत गेली, पाठीमागून व्हीलचेअर ढकलणारा माणूस रिकामी खुर्ची घेऊन चालला होता.

आमचं यंत्र थोड्या घरांमध्ये लागलं. कुठे चाललं, कुठे कुत्रं सोफ्यावरून उतरलं तरी मुलीला फोन जायचा. पुढे एका मोठ्या कंपनीने आमची छोटी कंपनी विकत घेतली. त्यांना यंत्र नको होतं, गोळा केलेले आवाज हवे होते. ते त्यांनी नेले आणि मागची खोली मोकळी केली. मी आईला फोनवर सांगितलं की तुझा आवाज आता कुठे आहे ते मला माहीत नाही. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. घाईत होती, कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं.

आता मी डंडॉकला दुसरं काम करते, त्यात काही पाडावं लागत नाही. मैत्रीण रेडिओकडे परत गेली. महिन्यातून एकदा तरी ती ओंगारला जेवायला येते, आणि आम्ही आईला व्हिडिओवर घेतो. मागच्या वेळी मैत्रिणीने मला विचारलं की अमरावतीला डिसेंबरात थंडी कितपत असते, मोजे लागतील का. तिने तिकीट काढलं आहे.